वैज्ञानिक पायथन सॉफ्टवेअरची प्रस्थापना

वैज्ञानिक पायथन सॉफ्टवेअरची प्रस्थापना : पायथन या संगणकभाषेतून वापरावयाचे गणिती व वैज्ञानिक आज्ञावलींचे संच निरनिराळ्या परिचालन प्रणालींच्या संगणकांवर बसविण्याची क्रिया व तिच्या पद्धती. व्यवहारात या क्रियेला ‘इन्स्टॉल करणे’ असे म्हणतात. विंडोज, मॅकओएस व लिनक्स या तिच्या संदर्भातील प्रमुख परिचालन प्रणाली होत. वरवर पाहता ही केवळ पूर्वतयारीची बाब वाटते. तथापि १९९५ पासून पुढील सुमारे दोन दशके संशोधकांचा व विद्यार्थ्यांचा मोठा वेळ या एका कामात खर्ची पडला आणि अनेकांनी प्रत्यक्ष गणनेस हात घालण्यापूर्वीच ती सोडून दिली. मूळ आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करण्याचे कष्ट कोणी घ्यावयाचे, वापरणाऱ्याने की देणाऱ्याने, या प्रश्नाला वेळोवेळी मिळालेली उत्तरे म्हणजेच या विषयाचा इतिहास होय.

अडचणीचे मूळ : पायथन ही भाषा गिडो व्हान रॉसम यांनी अ‍ॅमस्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्र संशोधन संस्थेत निर्माण केली व १९९१ मध्ये ती प्रथम प्रसृत झाली. या भाषेत लिहिलेली आज्ञावली दुभाषी प्रोग्रॅम ओळीओळीने अर्थ लावून चालवितो. त्यामुळे तीच फाइल कोणत्याही परिचालन प्रणालीवर जशीच्या तशी चालू शकते. मात्र या सोयीची किंमत वेगात मोजावी लागते. लक्षावधी संख्यांची बेरीज वा गुणाकार करण्यास ही पद्धत फार मंद पडते. म्हणून जड गणनेचे काम सी व फोर्ट्रान या भाषांतील आज्ञावलींकडे सोपवावयाचे आणि पायथनने केवळ त्यांना हुकूम द्यावयाचे, अशी विभागणी आरंभापासून करण्यात आली.

सी व फोर्ट्रानमधील मजकूर संगणकाला सरळ समजत नाही. ‘कंपायलर’ हा अनुवादक प्रोग्रॅम त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करतो आणि हे रूपांतर विशिष्ट प्रकारच्या प्रक्रियकापुरते व विशिष्ट परिचालन प्रणालीपुरतेच उपयोगी असते [→ संगणक]. एकाच यंत्रावर व एकाच परिचालन प्रणालीवरसुद्धा दोन कंपायलरांची संकेतपद्धती वेगळी असू शकते. लिनक्सवर जुना जी७७ व त्याच्या जागी आलेला जीफोर्ट्रान या दोन फोर्ट्रान कंपायलरांचे भाग एकमेकांत मिसळले, तर आज्ञावली विचित्र तऱ्हेने कोलमडत असे. याची जाणीव नसलेल्या वापरकर्त्याला दोष कोठे आहे हे शोधण्यात दिवसच्या दिवस घालवावे लागत.

त्यातही या फोर्ट्रान मजकुराचा मोठा भाग पायथनहून जुना आहे. सदिश व आव्यूह यांवरील मूलभूत क्रियांचा ‘ब्लास’ हा संच लॉसन, हॅन्सन, किनकेड व क्रोग यांनी १९७९ मध्ये प्रकाशित केला. समीकरणसंहती सोडविणे, लक्षणमूल्ये काढणे इ. कामांसाठीचा ‘लॅपॅक’ हा संच १९९२ मध्ये उपलब्ध झाला. आजही पायथनमध्ये एका ओळीत आव्यूहाचा व्यस्त काढणारा विद्यार्थी नकळत याच परंपरेतील आज्ञावलींना हाक मारीत असतो. अशा रीतीने वैज्ञानिक पायथनची प्रस्थापना म्हणजे वस्तुतः तीन पिढ्यांच्या व तीन भाषांच्या सॉफ्टवेअरची एकत्र मांडणी असते आणि ‘पायथन सर्वत्र चालते’ हे वाक्य त्यांतील केवळ वरच्या थरापुरते खरे आहे.

आरंभीचा काळ : १९९५ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील विद्यार्थी जिम ह्यूगनिन यांनी ‘न्यूमेरिक’ हे संख्यासारण्यांवरील क्रियांचे पॅकेज तयार केले. कॉनराड हिन्सन, डेव्हिड अ‍ॅशर, पॉल द्युब्वा प्रभृतींनी त्याच्या घडणीस हातभार लावला. पुढे हबल दुर्बिणीचे कामकाज पाहणाऱ्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये ‘नमअ‍ॅरे’ हा प्रतिस्पर्धी संच निघाला. या दोहोंतील फूट ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी ‘नमपाय’ हा संच रचून मिटविली, त्याची १.० ही आवृत्ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. दरम्यान २००१ मध्ये ऑलिफंट, एरिक जोन्स व पेअरू पेटरसन यांनी आपापले संच एकत्र करून ‘सायपाय’ जन्मास घातला. समाकलन, इष्टतमीकरण, संकेतप्रक्रिया, सांख्यिकी अशा विविध शाखांच्या आज्ञावली त्यात एकवटल्या होत्या. इतक्या गोष्टी एकत्र बांधण्याचे एक कारण शुद्ध व्यावहारिक होते : प्रत्येक संच वेगळा बसविणे सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्यातले नव्हते. सायपाय हे आरंभी लायब्ररीच्या वेषातील एक वितरणच होते, अशा आशयाची कबुली ऑलिफंट यांनी पुढे स्वतःच दिली आहे.

या काळात वितरण होई ते मूळ मजकुराचे. २००० साली पायथनमध्ये समाविष्ट झालेल्या ‘डिस्टयूटिल्स’ या साधनामुळे ‘सेटअप’ नावाची एक फाइल चालविली की पॅकेज बसावे, अशी सोय झाली. केवळ पायथनमध्ये लिहिलेल्या पॅकेजांना ती पुरेशी होती. फोर्ट्रानचा विचार मात्र तीत मुळीच नव्हता व त्यासाठी नमपायच्या कर्त्यांना तिच्यावर स्वतःचे मोठे बांधकाम करावे लागले. २००३ मध्ये पॅकेजांची मध्यवर्ती सूची सुरू झाली. एका इंग्रजी विनोदी नाट्यमालेतील प्रसंगावरून तिला थट्टेने ‘चीज शॉप’ म्हणत. त्या प्रसंगातील दुकानात चीज मुळीच नसते. आणि आरंभीच्या सूचीतही केवळ पॅकेजांची नोंद असे, प्रत्यक्ष फाइली नसत, हा योगायोग लक्षणीय आहे.

विंडोजवरील दुरवस्था : लिनक्सवर कंपायलर विनामूल्य मिळत आणि डेबियन, फेडोरा इ. वितरणांचे स्वयंसेवक नमपाय व सायपाय आधीच यंत्रभाषेत रूपांतरित करून ठेवीत. ती आवृत्ती बहुधा जुनी असे, पण चालत असे. खरी कुचंबणा विंडोज वापरणाऱ्यांची होई आणि महाविद्यालयांतील व कार्यालयांतील बहुसंख्य संगणक तर विंडोजचेच होते. विंडोजसाठीचे अधिकृत पायथन मायक्रोसॉफ्टच्या सी कंपायलरने तयार केलेले असे व त्याला जोडावयाचा प्रत्येक भाग त्याच कंपायलरच्या त्याच पिढीने तयार करणे इष्ट असे. पायथन २.७ करिता २००८ सालचा कंपायलर लागे. तो संगणकावर नसल्यास ‘व्हीसीव्हार्सऑल डॉट बॅट सापडत नाही’ अशा अर्थाचा एकच संदेश उमटे. हा संदेश पाहिला नाही असा त्या काळातील विंडोज-वापरकर्ता विरळाच. मायक्रोसॉफ्टने खास पायथन २.७ साठी हा कंपायलर स्वतंत्रपणे व विनामूल्य उपलब्ध करून दिला तो २०१४ मध्ये, म्हणजे ती आवृत्ती निघाल्यानंतर चार वर्षांनी.

एवढ्यानेही सायपायचा प्रश्न सुटत नव्हता, कारण मायक्रोसॉफ्टचा फोर्ट्रान कंपायलर नव्हता. इंटेल कंपनीचा होता, पण तो विकत घ्यावा लागे. विनामूल्य जीफोर्ट्रान वापरावा, तर त्याच्यासोबत सी भाषेचा वेगळा आधारसंच येई. एका आधारसंचाने घेतलेली स्मृतीतील जागा दुसऱ्याने मोकळी करण्याचा प्रसंग आला की आज्ञावली बंद पडे.

प्रक्रियकांच्या भिन्नतेने आणखी एक पेच निर्माण केला. टेनेसी विद्यापीठात क्लिंट व्हेली व जॅक डोंगारा यांनी विकसित केलेला ‘अ‍ॅटलास’ हा ब्लासचा वेगवान अवतार, ज्या यंत्रावर तो तयार होत असे त्या यंत्राची स्मृती व वेग स्वतः मोजून त्यानुसार आपली रचना ठरवी. कल्पना चतुर होती. परंतु एका यंत्राच्या मापाने शिवलेला अंगरखा दुसऱ्याला बसत नाही. म्हणून २००८ च्या सुमारास विंडोजसाठी नमपायची जी ‘सुपरपॅक’ फाइल दिली जाई, तीत एकाच सॉफ्टवेअरच्या तीन प्रती असत व संगणकातील प्रक्रियक पाहून त्यांपैकी एक निवडली जाई. हा पेच निराळ्या मार्गाने सुटला. काझुशिगे गोटो यांनी टेक्सस येथे हाताने घडविलेल्या ‘गोटोब्लास’चा मजकूर खुला झाल्यावर चिनी विज्ञान अकादमीतील झांग शियानयी यांनी २०११ मध्ये त्यावरून ‘ओपनब्लास’ हा प्रकल्प उभारला. यात अनेक प्रक्रियकांसाठीच्या आज्ञावली एकाच फाइलीत ठेवता येतात व प्रत्यक्ष चालण्याच्या वेळी योग्य ती निवडली जाते. निवडीची वेळ अशी पुढे सरकविल्यामुळे, एका ठिकाणी तयार केलेले सॉफ्टवेअर सर्वांना वाटणे शक्य झाले. या विषयाच्या इतिहासात या बदलाला द्यावयास हवे तेवढे श्रेय क्वचितच दिले जाते.

दरम्यानच्या काळात विंडोजवरील वैज्ञानिक पायथनचा भार एका व्यक्तीने वाहिला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील अनुस्फुरण-गतिकी प्रयोगशाळेतील क्रिस्टोफ गोल्के यांनी शेकडो पॅकेजांची यंत्रभाषेतील रूपे तयार करून ती विनामूल्य उपलब्ध ठेवली. ही सेवा अधिकृत नव्हती व तसे तेथे स्पष्ट लिहिलेले असे. तरीही जगभरचे संशोधक व अध्यापक तिच्यावर विसंबून राहिले. प्रयोगशाळेचा निधी थांबल्यानंतर २०२२ मध्ये ती समाप्त झाली. तोपर्यंत अन्य सोयी झालेल्या असल्याने फारसा गोंधळ उडाला नाही. हीच घटना दहा वर्षे आधी घडली असती, तर विंडोजवरील अनेकांचे काम अडले असते.

तयार वितरणे व कॉन्डा : सर्व पॅकेजे एकत्र बांधून देणारी वितरणे हा दुसरा उपाय होय. ऑस्टिन येथील एनथॉट कंपनीचे वितरण, प्येर रेबो यांचे ‘पायथन-एक्स-वाय’ ही त्याची आरंभीची उदाहरणे. मार्च २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या एका कार्यशाळेत वैज्ञानिकांनी आपली गाऱ्हाणी व्हान रॉसम यांच्यापुढे मांडली. वैज्ञानिकांच्या गरजा इतरांपेक्षा वेगळ्या असल्याने त्यांनी आपली व्यवस्था आपणच उभारावी, असा सल्ला त्यांना मिळाला. तो मानून त्याच वर्षी ऑलिफंट व पीटर वँग यांच्या कंटिन्युअम अ‍ॅनॅलिटिक्स या कंपनीने ‘अ‍ॅनाकॉन्डा’ हे वितरण व ‘कॉन्डा’ हे प्रस्थापक साधन पुढे आणले. कॉन्डा केवळ पायथनची पॅकेजे बसवीत नाही. फोर्ट्रानचे आधारसंच, ब्लास, इतकेच नव्हे तर खुद्द पायथनसुद्धा ते पॅकेज म्हणूनच हाताळते. तिन्ही परिचालन प्रणालींवर एकच आज्ञा देऊन काम होऊ लागले आणि अध्यापनवर्गातील पहिला दिवस प्रस्थापनेत वाया जाण्याचे प्रमाण घटले.

या सोयीबरोबर अवलंबित्वही आले. २०२० मध्ये कंपनीने आपल्या पॅकेज-भांडाराच्या अटी बदलल्या व मोठ्या संस्थांना त्याच्या वापरासाठी सशुल्क परवाना घेणे भाग पडले. स्वयंसेवकांनी २०१५ च्या सुमारास सुरू केलेले ‘कॉन्डा-फोर्ज’ हे खुले भांडार त्यामुळे अधिक महत्त्वाचे ठरले.

व्हील : पायथनच्या मुख्य प्रवाहातही स्वतंत्र प्रयत्न चालू होते. २००८ मध्ये आलेले ‘पिप’ हे साधन सर्वमान्य झाले आणि २०१२-१३ मध्ये ‘व्हील’ हे फाइलीचे प्रमाणरूप ठरले. हा शब्द चाकाशी नव्हे, तर चीजच्या गोल लाद्यांशी संबंधित आहे. रिकाम्या दुकानात अखेर माल आला, असे म्हणता येईल. फाइलीच्या नावातच पायथनची आवृत्ती, परिचालन प्रणाली व प्रक्रियक यांचा निर्देश असल्याने पिपला योग्य फाइल निवडता येते.

लिनक्ससाठी मात्र यंत्रभाषेतील व्हील स्वीकारण्यास मध्यवर्ती भांडाराने २०१६ पर्यंत नकार दिला होता व तो सकारण होता. लिनक्स हे एकच नाव असले, तरी त्याखालील शेकडो वितरणांत सी भाषेचा आधारसंच निरनिराळ्या आवृत्तींचा असतो. जुन्या आधारसंचावर तयार केलेली आज्ञावली नव्यावर चालते. उलट घडत नाही. नथॅनिएल स्मिथ व रॉबर्ट मॅकगिबन यांच्या ‘मेनीलिनक्स’ प्रस्तावाने या एकदिश गुणधर्माचाच उपयोग केला. सर्व व्हील सेंटओएस ५ या २००७ सालच्या प्रणालीवर तयार करावयाचे, म्हणजे ते त्यानंतरच्या बहुतेक प्रणालींवर चालतील. आणि लागणारे इतर आधारसंच नावे बदलून फाइलीतच घालावयाचे. अत्याधुनिक गणनेचे सॉफ्टवेअर तयार करण्यासाठी मुद्दाम नऊ वर्षांपूर्वीची प्रणाली उभी करावी लागे, हे चमत्कारिक दृश्य त्यामुळे पाहावयास मिळाले. पुढे आधारभूत प्रणाली टप्प्याटप्प्याने बदलण्यात आली. तत्त्व तेच राहिले.

विंडोजवरील सायपायचा पेच सुटला तो ऑक्टोबर २०१७ मध्ये, १.० या आवृत्तीच्या वेळी. फोर्ट्रानचा भाग जीफोर्ट्रानने तयार करून तो स्वतंत्र फाइलीत बंदिस्त करावयाचा व उरलेला भाग मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने करून दोहोंची सांधेजोड करावयाची, अशी युक्ती योजण्यात आली. सायपायच्या जन्मानंतर सोळा वर्षांनी विंडोजसाठीचे अधिकृत व्हील मध्यवर्ती भांडारात प्रथमच दाखल झाले. आपल्या सॉफ्टवेअरला ‘१.०’ हा परिपक्वतेचा आकडा देण्यास कर्त्यांनी इतका काळ घेतला, यामागे प्रस्थापनेची ही अपूर्णता हेही एक कारण होते.

मॅकओएस : अ‍ॅपलच्या संगणकांवरील अडचणी निराळ्या प्रकारच्या होत्या. तेथे परिचालन प्रणालीसोबतच पायथन येई. पण ते प्रणालीच्या स्वतःच्या कामासाठी असे आणि वापरकर्त्याने त्यात ढवळाढवळ केल्यास दोघांचेही नुकसान होई. (अशाच अनुभवामुळे लिनक्सवरील डेबियन १२ या २०२३ सालच्या आवृत्तीपासून प्रणालीच्या पायथनमध्ये पिपने पॅकेज बसविण्यास अटकाव केलेला आहे.) शिवाय अ‍ॅपलने प्रक्रियकच बदलले : २००६ मध्ये पॉवरपीसीऐवजी इंटेल व २०२० मध्ये इंटेलऐवजी स्वतःचे एम१. दुसऱ्या स्थित्यंतराच्या वेळी नव्या रचनेसाठी फोर्ट्रान कंपायलर लगेच हाताशी नसल्याने सायपायचे व्हील मिळण्यास विलंब लागला. ब्लासचे अ‍ॅपलचे स्वतःचे रूप जुने झाल्यामुळे सायपायने २०१८ मध्ये त्याचा त्याग केला होता. अ‍ॅपलने ते अद्ययावत केल्यावर, २०२४ मधील नमपाय २.० च्या वेळी, नव्या मॅकओएससाठी ते पुन्हा स्वीकारण्यात आले.

भारतातील संदर्भ : मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘फॉसी’ या केंद्रशासन-पुरस्कृत प्रकल्पाने शिक्षणात खुल्या सॉफ्टवेअरचा, विशेषतः पायथनचा, प्रसार केला. त्यातील एक प्रमुख प्रभू रामचंद्रन हे त्रिमितीय आलेखनाच्या ‘मायावी’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या पॅकेजचे कर्ते होत. हे पॅकेज एका मोठ्या सी++ संचावर उभे असल्याने प्रस्थापनेच्या दृष्टीने अवघड समजले जाई. वैज्ञानिक पायथनची भारतीय परिषद २००९ मध्ये तिरुवनंतपुरम येथे प्रथम भरली व पुढे ती पवई येथे भरू लागली. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पातील पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. काहीशे मेगाबाइटांचे वितरण मंद जोडणीवरून उतरवून घेणे ग्रामीण महाविद्यालयांना जड जात असे, हे लक्षात घेता जालजोडणीशिवायही पाहता येणाऱ्या अशा पाठांचे मोल अधिक ठरते.

पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे ज्या संचांनी संस्कारित केली जातात, त्यांत अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेचा ‘कासा’ हा संच प्रमुख आहे. तो लिनक्स व मॅकओएससाठीच दिला जातो आणि आपले पायथन तो स्वतःबरोबरच बांधून आणतो. सहाव्या आवृत्तीपासून त्याचे भाग व्हीलच्या रूपातही मिळतात.

कालांतराने उद्‌भवणारा प्रश्न : सॉफ्टवेअर आज बसते, पण दहा वर्षांनी बसेल काय, हा प्रश्न विज्ञानाच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे, कारण प्रयोगाची पुन्हा पडताळणी करता येणे ही विज्ञानाची अट आहे. न्यूमेरिकच्या घडणीत सहभागी असलेले हिन्सन व निकोला रुझिए यांनी २०१९-२० मध्ये संशोधकांना एक आव्हान दिले : दहा वर्षांहून जुन्या आपल्या प्रबंधातील आज्ञावली पुन्हा चालवून दाखवाव्यात. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला होता व न्यूमेरिकशी सुसंगती राखणारा भाग नमपायमधून त्याआधीच वगळलेला होता. पाया बदलत राहिल्याने वरचे सॉफ्टवेअर कोसळते, असे हिन्सन यांनी या परिस्थितीचे वर्णन केले आहे. या मताला दुसरी बाजूही आहे : पाया बदललाच नसता, तर एम१सारखे नवे प्रक्रियक वापरताच आले नसते. तरीही संशोधकाच्या श्रमाचे आयुष्य त्याने निवडलेल्या साधनांच्या आयुष्याएवढेच ठरावे, ही गोष्ट समाधानकारक म्हणता येणार नाही. जून २०२४ मध्ये नमपाय २.० ने यंत्रभाषेच्या पातळीवरील जुनी सुसंगती २००६ नंतर प्रथमच सोडली, तेव्हा अवलंबून असणारी पॅकेजे नव्याने तयार करावी लागली. या वेळी मात्र कित्येक महिने आधी सूचना देण्यात आली होती.

डिस्टयूटिल्स हे साधन ऑक्टोबर २०२३ मध्ये पायथन ३.१२ मधून काढून टाकण्यात आले. त्याआधी सायपायने २०२२ मध्ये व नमपायने २०२३ मध्ये ‘मेसन’ ही सर्वसाधारण बांधणी-प्रणाली स्वीकारली होती. २०१८ मध्ये मोझिलात सुरू झालेल्या ‘पायोडाइड’ प्रकल्पाने नमपाय थेट ब्राउझरमध्ये चालवून दाखविले. सायपायच्या वेळी तेथेही जुनाच अडसर आला. ब्राउझरच्या यंत्रभाषेसाठी त्या वेळी उपयोगी पडेल असा फोर्ट्रान कंपायलर नव्हता व तो मजकूर आधी सीमध्ये उतरवून घ्यावा लागला. सायपायच्या कर्त्यांनी आता आपल्या संचातील फोर्ट्रान ७७ चे भाग क्रमाक्रमाने अन्य भाषांत पुन्हा लिहिण्याचे काम हाती घेतले आहे.